एक तास दहा मिनिटं

॥ श्री गढकालिका माता प्रसन्न ॥

आमगाव
११ फेब्रुवारी

सौ. निर्मलाबाई विहीणबाईंना योगेश्वरी कटरे हिचा नमस्कार.

आम्ही दोघं शनिवारी सुखरूप पोहोचलो, हे यांनी जावईबापूंना फोनवर सांगितलंच आहे. पण फोनवर आपण दोघी "बरं आहे ना, बरं आहे ना" यापलीकडे जात नाही, आणि मला जे म्हणायचं ते तेवढ्यात बसत नाही. म्हणून कागद.

आमच्या घरची रीत तुम्हाला बैठकीतच सांगितली होती. लेकीला मूल होऊन त्याचं तोंड पाहीपर्यंत आईबापाने तिच्या सासरी अन्न घ्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. माझ्या आईने पाळलं, माझ्या सासूने पाळलं. म्हणूनच आमच्यात लेक अशा गावी देतात, जिथून सकाळचा दिवा लावून निघालेलं माणूस सांजेचा दिवा लावायला घरी परत येतं. इंदूरचं स्थळ आलं तेव्हा मी नाहीच म्हणाले होते. मग तुम्ही मोबाईल काढलात आणि चारचौघांत वाचून दाखवलंत: गोंदिया ते इंदूर, हवाई अंतर चारशे पंचाहत्तर किलोमीटर, उड्डाणाची वेळ एक तास दहा मिनिटं. माझं माहेर चिचगड. तिथे जायला देवरीला बस बदलून मला अडीच तास लागतात. आमचे यादोराव भाऊजी म्हणाले, "वहिनी, इंदूर त चिचगडपेक्षा जवळ निंगालं." सगळे हसले आणि मी हो म्हणाले. तो आकडा मी त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवला.

आता त्याच वहीतलं गुरुवारचं पान वाचा. घरून ऑटो सव्वाआठला. गोंदियाच्या बिरसी विमानतळावर नऊ वाजून वीस मिनिटं. विमान साडेबाराचं, दोन तास आधी या म्हणतात, आणि यांचा स्वभाव असा की दोन तास म्हटलं की तीन. उडालं एक वाजून पाचला. उतरलं दोन वाजून सतराला. म्हणजे तुमचा आकडा खोटा नाही, दोन मिनिटं काय ती जास्त. पुढे पिशवी यायला पंचवीस मिनिटं, आणि तुमच्या दारात पोहोचलो चार वाजायला दहा कमी असताना. माझ्या दारापासून तुमच्या दारापर्यंत सात तास पस्तीस मिनिटं.

आणि परतीचं विमान शनिवारी सकाळी. आठवड्यातून तीनच दिवस, तेही सकाळी इंदूरहून निघतं आणि दुपारी इंदूरला परततं. त्याच दिवशी जाऊन येणं होतच नाही. हे बैठकीत कोणी वाचून दाखवलं नाही.

दोन दिवस लॉजवर राहिलो. सोबतच्या पोळ्या शुक्रवारी दुपारी संपल्या. मग केळी आणि बाटलीचं पाणी. तुमच्या दिवाणखान्यात मी खुर्चीवर, समोर तुम्ही पोह्यांची बशी ठेवलेली, वर शेव घातलेली, आणि माझे हात मांडीवर. लेक माझी, रुचि, माझ्याकडे पाहायची आणि आत जायची.

मला फसवलं असं मी म्हणत नाही. पण अर्धा आकडा सांगणं आणि खोटं सांगणं यात अंतर किती, तेही एकदा मोबाईलमध्ये पाहून कळवा.

रुचिला आशीर्वाद. घरात मोठ्यांना नमस्कार.

योगेश्वरी

—

इंदूर
२२ फेब्रुवारी

योगेश्वरीबाई समधीनजी, जय माता दी.

तुमचं पत्र आलं. आधी मी वाचलं, मग यांनी वाचलं, मग मी परत वाचलं. गोंदिया सोडून आम्हाला तीस वर्षं झाली, माझ्या मराठीत हिंदी घुसली असेल तर सांभाळून घ्या.

विमान माझ्या अंगणातून उडत नाही. ते कोणत्या वारी जातं आणि किती वाजता परततं, हे मी ठरवत नाही. मोबाईलवर जे लिहिलं होतं ते मी वाचलं. तुम्ही वहीवाल्या, तुम्हीच तेव्हा विचारायचं होतं, "परतीचं कधी?" तुम्ही विचारलं नाही, कारण पोरगा तुम्हाला आवडला होता. खरं की नाही?

आता माझी तक्रार ऐका. माझ्या घरात येणारा दूधवाला पाणी पिऊन जातो. गॅसची टाकी आणणारा पिऊन जातो. आणि माझ्या सुनेची आई दोन दिवस समोर बसून कोरड्या तोंडाने परत जाते. गल्लीतल्या बायका मला विचारतात, "आपने कुछ पूछा नहीं क्या?" मी काय सांगू? रीत मला माहीत आहे, मीही पोवाराचीच लेक आहे. पण आमच्याकडे ती केव्हाच सुटली.

आमच्या नळाला नर्मदामाईचं पाणी येतं. मी ते उकळून, गाळून तांब्याच्या हंड्यात ठेवते. लोक त्या मैयेची परिक्रमा पायी करतात, तुम्हीसुद्धा एकदा जायचं म्हणत होतात. आणि तुम्ही माझा हंडा सोडून कोपऱ्यावरच्या दुकानातली बाटली आणलीत.

आणखी एक. तुम्ही चार पानं लिहिलीत, मिनिटामिनिटाचा हिशेब दिलात. पण शनिवारी निघताना आमच्या फाटकात तुम्हाला चक्कर आली, रुचिने तुम्हाला धरून पायरीवर बसवलं, आणि तेव्हाही तुम्ही तिच्या हातचा गिलास दूर केलात, ते वहीत नाही. ते पान फाटलं काय?

रागाने लिहिलं असलं तरी शेवट गोड करते. तुमची रीत आपोआप संपायची वेळ जवळ येते आहे, असं दिसतं. अजून दिवस थोडे आहेत, म्हणून एवढंच लिहिते. समजणारीला पुरे.

निर्मला

—

॥ श्री गढकालिका माता प्रसन्न ॥

आमगाव
४ मार्च

सौ. निर्मलाबाईंना नमस्कार.

समजणारीला समजलं. पत्र वाचून मी ते देवापुढे ठेवलं आणि गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य दाखवला. यांना अजून सांगितलं नाही, यांच्या पोटात गोष्ट राहत नाही.

चक्कर उन्हाची होती. त्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं.

दूधवाल्याचं आणि गॅसवाल्याचं म्हणाल, तर त्यांनी तुमच्या घरी लेक दिलेली नाही. नर्मदामाईचा अपमान मी केला, हे तुम्ही लिहायला नको होतं. मला ते लागलं. मी तिचं नाव घेतल्याशिवाय अंघोळ करत नाही.

बरोबर एक डबा पाठवते. चिचगडच्या जंगलातला डिंक आहे, माझ्या भावाने स्वतः वेचून निवडलेला, आणि चारोळी. लाडू तिला पाचव्या महिन्यानंतरच द्या, आधी उष्ण पडतात. जड उचलू देऊ नका. तिला लहानपणापासून पायऱ्या दोन-दोन उतरायची खोड आहे. तेवढं पाहा.

आणि माझं एक मागणं. काही कमीजास्त झालं, ताप आला, पाय मुरगळला, काहीही, तर मला त्याच दिवशी कळलं पाहिजे. उद्या नाही, परवा नाही. एक तास दहा मिनिटं हा तुमचा शब्द आहे. बाकीचे सहा तास पंचवीस मिनिटं मी माझ्या जिवावर काढीन.

योगेश्वरी

—

आमगाव
१४ एप्रिल

निर्मलाबाई,

काल आमच्याकडे एका लग्नात मी पंगतीला वाढत होते. माझ्या हातात वरणाची बादली. तुमच्या गल्लीतले मुन्नालाल वऱ्हाडात आलेले, मला ओळखून म्हणाले, "बहनजी, रुचि बिटिया अब चल-फिर रही है न? उस दिन तो हम सब घबरा गए थे."

मी विचारलं, "कोण्या दिवशी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पानातल्या गुलाबजामकडे पाहू लागले. मी बादली खाली ठेवली नाही. म्हटलं, "भाऊ, सांगून टाका. मी आई आहे तिची." मग त्यांनी सांगितलं. एकोणीस मार्च, सकाळची वेळ, गल्लीतल्याच कोणाच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, आणि सगळं संपलं होतं.

मी ती पंगत शेवटपर्यंत वाढली. मग घरी आले आणि वही काढली.

एकोणीस मार्चपासून तेरा एप्रिलपर्यंत पंचवीस दिवस. त्यात रुचिचे नऊ फोन. प्रत्येक फोनची मी नोंद ठेवते, ती दूर गेल्यापासून सवय लागली आहे. वीस मार्च: "चार मिनिटं बोलली. आवाज बसलेला. म्हणाली, थंड पाणी प्यायली." चोवीस मार्च: "दोन मिनिटं. विहीणबाईंनी फोन घेतला, म्हणाल्या, झोपली आहे." त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, लाडवाचा डिंक चांगला निघाला का. तुम्ही म्हणालात, एकदम बढिया.

माझी लेक खाटेवर पडलेली आणि तुम्ही मला डिंक बढिया म्हणालात.

आपले पोवारांचे पूर्वज माळव्यातल्या धारहून इकडे बैलगाड्यांनी आले म्हणतात. तुमच्या इंदुरापासून धार किती लांब? दीड-दोन तास. त्या काळी मागे राहिलेल्या माणसाचं बरंवाईट कळायला महिना लागत असेल, ते मी समजू शकते. तुमच्याकडे विमान आहे, सगळ्यांच्या हातात फोन आहे, आणि मला माझ्या लेकीचं पंचविसाव्या दिवशी कळतं, तेही परक्या माणसाच्या तोंडून, वरण वाढताना. मग तुम्ही बैठकीत वाचलेलं अंतर कोणाचं होतं?

आपली सून आहे, आपल्या घरातली गोष्ट आहे, तिच्या माहेरच्यांना काय सांगायचं, असंच ना? की तिच्या आईने पोह्यांना हात लावला नाही, त्याचं उट्टं काढलं?

मी रुचिला फोन केलेला नाही. ती पुन्हा बरी आहे म्हणेल आणि मला ते ऐकवणार नाही. यांनी बॅग भरली होती, "चाल, आत्ताच जाऊ, पोरीले घेऊनच येऊ." मी थांबवलं. आधी मला लेखी उत्तर पाहिजे की मला येऊ का दिलं नाही. मी कोणाच्या दारात जाते आहे ते मला कळू द्या. त्यावर मी ठरवीन, भेटायला येते की तिला घेऊन जायला.

योगेश्वरी कटरे

—

इंदूर
२२ एप्रिल

योगेश्वरीबाई,

लेखी मागितलंत, लेखी देते. आणि यावेळी मीही गोड शेवट करणार नाही.

मी एकोणीस तारखेलाच तुम्हाला फोन लावत होते. दवाखान्याच्या बाकावर बसून. तुमचा नंबर काढलेला, रुचिने माझ्या हातातून मोबाईल घेतला. तिला बसता येत नव्हतं तरी घेतला. म्हणाली, "आईला नका सांगू. माझी शपथ आहे."

मी म्हटलं, "अगं, आई आहे ती. विमानाने येईल, संध्याकाळपर्यंत पोहोचेल."

तेव्हा ती जे म्हणाली ते तसंच लिहिते, एक शब्द माझा नाही. "येईल ना. येईल आणि खुर्चीवर बसेल. कोरड्या तोंडाने. मी बरी होईपर्यंत बसेल, आणि पाणी नाही पिणार, कारण आता तर मूलही नाही. मागच्या वेळी फाटकात पडली. या उन्हात काही झालं तर? मी तिच्याकडे पाहू की स्वतःकडे?"

सांगा, मी काय करायचं होतं? शपथ मोडायची होती? तुम्ही देवधर्मवाल्या, तुम्हीच सांगा.

त्या नऊ फोनांत आम्ही दोघी खोटं बोललो. डिंक बढिया म्हणाले, ते बोलून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले होते. रीत तुमची, आणि ती निभावायला खोटं माझ्या तोंडी. उट्टं काढलं म्हणालात. बाई, मी स्वतः दोन गमावली आहेत, तुमच्या जावयाच्या, प्रफुलच्या आधी. माझ्या सासूने तिसऱ्या दिवशी मला भांड्याला बसवलं होतं. तुमच्या लेकीला मी एकवीस दिवस पाण्याच्या गिलासालाही उठू दिलं नाही. हे उपकार म्हणून नाही लिहीत. हिशेब तुम्ही मागितलात म्हणून लिहिते.

आता ती उठते, बसते, घरातलं करते. पण जेवत नाही नीट. मंगळवार, गुरुवार, शनिवार, साडेदहा वाजले की कपडे वाळत घालायच्या निमित्ताने गच्चीवर जाते. कपडे नसले तरी जाते. मला आधी कळलं नाही. मग एकदा मागे गेले. पावणेअकराला गोंदियाचं विमान उडतं ना, ते ती पाहते. दिसेनासं झालं की खाली येते आणि भाजी निवडायला घेते.

घेऊन जायचं असेल तर घेऊन जा. मी अडवणार नाही, प्रफुलही नाही. पण ती तुमच्यासोबत यायला तयार होईल की नाही, हे मला विचारू नका. तिला विचारा. आणि समोर बसून विचारा. खुर्चीवर नाही, तिच्या खाटेवर.

निर्मला

—

॥ श्री गढकालिका माता प्रसन्न ॥

आमगाव
३० एप्रिल

सौ. निर्मलाबाईंना योगेश्वरीचा नमस्कार.

तुमचं पत्र परवा आलं. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण माझा राग कोणावर आहे ते ठरत नव्हतं.

आमच्या देवळातले चैतराम महाराज आहेत, त्यांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, "बाई, पोथीत असं कुठं नाही. ही रीत आहे, बापाने लेक विकली असं कोणी म्हणू नये म्हणून पडलेली. तुमचं मन मानत नसेल तर जेवा आणि निघताना ताटाखाली पैसे ठेवा, दोष जाते." पाय धरून घरी आले, पण वाटेत माझं डोकं तापलं. लेकीच्या घरी मी खानावळीसारखे पैसे ठेवू? आणि ते ताट उचलणार कोण, रुचिच ना?

आता एक गोष्ट लिहिते, ती रुचिला माहीत नाही आणि यांनाही आता आठवत नसेल. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माझंही असंच गेलं होतं, रुचिच्या आधी. मे महिना होता. माझी आई सुंदरबाई चिचगडहून पहिल्या बसने आली. माझ्या खाटेजवळ बसली. तिच्या ओठांना भेगा पडलेल्या. सासूने पाण्याचा तांब्या ठेवला, तिने तो हळूच बाजूला सरकवला. बोलली थोडंच, बोलायला तोंडात ओल पाहिजे. तीनच्या बसने परत गेली. सगळे म्हणाले, काय कडक बाई आहे, रीत मोडली नाही. मी भिंतीकडे तोंड करून होते. त्या दिवशी मनात काय आलं ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही. मला वाटलं, आई आली नसती तर बरं झालं असतं.

म्हणजे रुचिला जे वाटलं ते मला माहीत होतं. अठ्ठावीस वर्षांपासून माहीत होतं. तरी मी तुमच्या दिवाणखान्यात हात मांडीवर ठेवून बसले, आणि तुम्हाला मिनिटं मोजून पाठवली.

पण म्हणून तुम्ही सुटलात असं समजू नका. शपथ पोरीने घातली, पोरीचं वय काय? तुम्ही मोठ्या होतात. मला फोन करून म्हणायचं होतं, "योगेश्वरी, ये, पण पाणी पिणार असशील तरच ये." असं तोंडावर कोणी तरी म्हणायला पाहिजे होतं. मला राग आला असता, मी दोन दिवस बोलले नसते, आणि आले असते. तुम्ही डिंक बढिया म्हणालात. ते मी विसरणार नाही.

आणि रुचिवरही माझा राग आहे. तो तिलाच सांगीन.

आज सकाळी देवाची पूजा झाल्यावर मी देवापुढे सांगून टाकलं, विचारलं नाही. म्हटलं, गढकालिका माते, तूसुद्धा धारची. लेक तुझ्याच मुलखात दिली आहे. तिथलं पाणी मला चालेल. यांनी ऐकलं. म्हणाले, "मंग मीबी येतो." मी म्हटलं, "तुमचं नंतर. कोठ्यातल्या म्हशीला पाणी कोण पाजेल?"

पत्र आधी पोहोचावं म्हणून येता सोडून पुढच्या गुरुवारच्या विमानाचं एकटीचं तिकीट काढलं आहे. सकाळी साडेदहाला रुचिला गच्चीवर जाऊ द्या, काही सांगू नका. तिने पाहिलेलं तेच विमान मला घ्यायला येतं. चार वाजेपर्यंत मी तुमच्या दारात.

दारात आल्याबरोबर मला पाणी पाहिजे. तुमच्या हंड्यातलं, रुचिच्या हातून. मी गिलास दूर करणार नाही. मग पोहे करा. शेव वर घालू नका, वेगळ्या वाटीत द्या. मागच्या वेळी दोन तास मी ती मऊ होताना पाहत होते, आणि मला शेव कुरकुरीतच आवडते. रुचिला माझ्यासमोर बसवा, ती किती खाते ते मला पाहायचं आहे. त्या दिवसापासून स्वयंपाक मी करीन, तुम्ही एकवीस दिवस केलात ते झालं.

तुमच्याशी भांडायचं आहे. चार मुद्दे लिहून आणते, पण ते जेवण झाल्यावर. उपाशीपोटी खूप भांडले.

प्रवासाची मिनिटं वहीत लिहीनच, हाताची सवय जात नाही. परतीचं तिकीट काढलेलं नाही.

योगेश्वरी